पाळणा (बाळाची शय्या)

पाळणा म्हणजे तान्ह्या बाळाला निजविण्यासाठी वापरली जाणारी, कठडे असलेली लहान शय्या होय. पाळणा टांगलेला, पायांवर झुलणारा किंवा स्थिर असू शकतो. आईच्या पलंगाला लावून ठेवायची, एका बाजूने उघडी असलेली स्थिर खाट हा त्याचा अलीकडे रूढ होत असलेला प्रकार असून तिला बोलीत ‘बेडसाइड कॉट’ किंवा ‘क्रिब’ म्हणतात. बाळ आईच्या हाताशी असावे, मात्र त्याची निजण्याची जागा स्वतंत्र, सपाट आणि मोकळी असावी, हे शय्येच्या निवडीचे मुख्य सूत्र मानले जाते. बाळाला जोजवताना किंवा बारशाला म्हटल्या जाणाऱ्या गीतप्रकारालाही ‘पाळणा’ असे म्हणतात.

परंपरा

महाराष्ट्रात बाळंतिणीसाठी बाज आणि बाळासाठी पाळणा किंवा झोळी अशी व्यवस्था पूर्वापार आढळते. बारशाला, सामान्यतः बाराव्या दिवशी, बाळाला पाळण्यात घालून त्याचे नाव ठेवतात. रामनवमीला मध्यान्ही रामाचा, तर शिवजयंतीला शिवनेरीवर शिवरायांचा पाळणा हलविला जातो. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण सर्वपरिचित आहे.

लाकडी पाळणा कड्या व साखळ्यांनी तुळईला टांगत आणि त्यावर चिमणाळे बांधत. ज्या घरी पाळणा नसे तेथे जुन्या लुगड्याची किंवा धोतराची झोळी बांधली जाई. शेतात राबणाऱ्या स्त्रिया आजही झाडाच्या फांदीला झोळी बांधून बाळ निजवितात. विंचूकाटा आणि मुंग्यांपासून बाळ दूर राहावे, हा त्यामागील व्यावहारिक हेतू होय.

प्रकार व गुणदोष

झोळी: स्वस्त, हवेशीर व कोठेही बांधता येणारी. परंतु तिच्या खोलगटपणामुळे बाळाची पाठ वाकते व हनुवटी छातीला टेकते. नवजात बाळाला मान सावरता येत नसल्याने श्वासमार्ग दबण्याचा धोका असतो. म्हणून झोळीचा वापर थोडा वेळ आणि कोणी तरी जवळ असतानाच करावा. मोठी मुले खेळताना साडीच्या झोक्याचा पीळ गळ्याभोवती बसून अपघात होतात.

झुलता पाळणा: तळ फळीचा व सपाट असल्यास उपयुक्त. बाळ निजल्यावर तो हलता न ठेवता आडव्या पातळीत स्थिर करावा. कडी, साखळी व तुळई यांची तपासणी वेळोवेळी करावी.

पलंगालगतची खाट: रात्री अंगावर पाजण्यासाठी बाळंतिणीला उठावे लागत नाही, शस्त्रक्रियेने प्रसूती झालेल्या स्त्रीला हे विशेष सोयीचे ठरते. मात्र ती पलंगाला घट्ट जोडलेली नसल्यास मधल्या फटीत बाळ अडकू शकते.

बाज: सुंभ किंवा नवार सैल पडून मध्ये खोलगा होतो, त्यामुळे बाळाला एकटे निजविण्यास ती योग्य नाही.

निवड

खाट निवडण्यापूर्वी पलंगाची उंची मोजणे आवश्यक असते, कारण दोन्ही गाद्या एका पातळीत यायला हव्यात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने बाळाचा पहिला सव्वा महिना बहुधा तेथेच जातो. माहेरच्या व सासरच्या पलंगांची उंची सारखी असतेच असे नाही. म्हणून उंची कमी-अधिक करता येणारी, घडीची खाट सोयीची ठरते.

गादी घट्ट असावी व कठड्यालगत दोन बोटांहून अधिक जागा राहू नये. अमेरिकेतील नियमांनुसार दोन गजांमधील अंतर सुमारे ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसते. खालीवर सरकणाऱ्या कठड्याच्या खाटांवर तेथे २०११ पासून, तर १० अंशांपेक्षा अधिक उताराच्या शय्या व कठड्याला बांधायच्या मऊ गाद्या यांवर २०२२ च्या कायद्याने बंदी आहे. जुनी खाट वापरताना निखळलेले स्क्रू, कुसळे व उडालेला रंग पाहावा.

मांडणी

खाट पट्ट्यांनी पलंगाला आवळून बांधावी आणि फट राहिलेली नाही, याची रोज खात्री करावी. फट कपड्याने किंवा उशीने बुजवू नये. खाट खिडकी, पडद्याची दोरी व विजेचा बोर्ड यांपासून दूर असावी.

बाळाला नेहमी उताणे निजवावे. अमेरिकेत १९९४ मध्ये यासाठी मोहीम सुरू झाल्यानंतर झोपेतील आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. शय्येत उशी, गोधडी, लोड किंवा खेळणी ठेवू नयेत. डोक्याला आकार यावा म्हणून वापरली जाणारी मोहरीची उशीही त्यात येते. गळ्यातील काळा दोरा, ताईत व झोपेत डोक्यावरची कुंची काढून ठेवावी.

मराठवाड्यातील परिस्थिती

गंगापूर तालुक्यात गोदाकाठची शेतीची गावे आणि वाळूज औद्योगिक वसाहत असे दोन्ही प्रकारचे जीवन आढळते. उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा ४० अंशांपुढे जातो. अशा दिवसांत बाळाला दुपट्यांत गुंडाळल्यास अंग अतितप्त होते. एक सुती कपडा पुरेसा असतो. कूलरचा झोत थेट बाळावर येऊ देऊ नये. पावसाळ्यात मच्छरदाणी ताणून लावावी, ती तोंडावर लोंबू नये. बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्यामुळे माता व बालक दोघांच्याही जिवाला धोका असतो.

एकाच खोलीच्या घरात खाटेला जागा नसल्यास आईच्या अंथरुणालगत बाळासाठी वेगळी, घट्ट व सपाट गादी अंथरता येते. जमिनीवर निजविताना विंचूकाट्यापासून संरक्षणासाठी मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात. आशा सेविका बाळाच्या जन्मानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी गृहभेटी देतात. त्या वेळी बाळाच्या झोपण्याच्या जागेबाबतही विचारता येते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

वापराचा कालावधी

अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२२ च्या शिफारशींनुसार बाळाने किमान पहिले सहा महिने पालकांच्या खोलीत, परंतु स्वतंत्र शय्येवर झोपावे. बाळ कुशीवर वळू लागल्यावर किंवा हातागुडघ्यांवर उठू लागल्यावर पलंगालगतच्या खाटेचा वापर थांबवून त्यास चारही बाजूंनी उंच कठडे असलेल्या खाटेत निजवावे.