सहाच्या टायमाले

संत्र्याच्या हंगामात नागपूरच्या कळमना बाजारात अशी वाक्यं सर्रास कानावर पडतात : ‘भाऊ, मृगाचा माल हाय. गाडी सहाच्या टायमाले लागते.’ माल नक्षत्रावर आणि ट्रक टायमावर. जूनच्या पावसावर फुलतो तो मृग बहार, आंब्याला मोहोर येतो त्या दिवसांत फुलतो तो आंबिया. कालगणनेची ही मोठी मापं बागाईतदाराने सोडलेली नाहीत. इंग्रजी शब्द शिरले ते दिवसाच्या बारीक तुकड्यांत. असं का झालं, याचं उत्तर बाजारालगतच्या रुळांवर सापडतं.

बारीक मापं आपल्याकडे नव्हती असं नाही. दिवसरात्र मिळून साठ घटका. घटका 24 मिनिटांची, पळ 24 सेकंदांचं. पण पळांचा हिशेब जोशीबुवांकडे, कुंडलीपुरता आणि लग्नमुहूर्तापुरता. बाकी सगळ्यांना ‘दिवस कासराभर वर आला’ किंवा ‘तिन्हीसांजेला’ एवढं पुरत होतं. कोणाचं काही अडत नव्हतं.

1867 मध्ये मुंबईकडून रेल्वे नागपुरात पोहोचली. पुढे छत्तीसगडाकडे मीटरगेज रूळ पडले, ते राजनांदगावला गेले. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती वाट घेऊन ब्रॉडगेज केली. आजचं कळमना स्टेशन याच वाटेवर आहे. आगगाडी घटकेवर सुटत नव्हती, मिनिटावर सुटत होती. त्यातही ते मिनिट नागपूरचं नव्हतं. रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेवर लावलेली असत, म्हणजे नागपूरच्या सूर्यापेक्षा पाचेक मिनिटं पुढे. 1906 च्या 1 जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि हे अंतर चौदा मिनिटांच्या आसपास गेलं. कळमन्यात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साधारण सव्वाबारा वाजत आलेले असतात. ‘वेळ’ आपल्या डोक्यावरच्या सूर्याची होती, ‘टाइम’ स्टेशनातला. ‘लेट’ हा शब्दही गाडीनेच दिला असं मला वाटतं. ‘उशीर झाला’ म्हटलं की माणसाची चूक डोळ्यांपुढे येते. ‘गाडी लेट आहे’ म्हटलं की वेळापत्रक.

इंग्रजी शब्द आत आले त्याचं दुसरं दार गिरणीचं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात 1877 मध्ये सुरू झाली. कामगाराचा दिवस भोंग्याने बांधला गेला. ‘पाळी’ हा आपला शब्द तिथे टिकला, कारण आळीपाळीने काम करणं शेतकऱ्याला ठाऊकच होतं. ‘ओव्हरटाइम’ला मात्र जोडीचा शब्द मिळाला नाही. दिवस मावळल्यावरच्या कष्टाचा वेगळा पैसा मिळतो, ही गोष्टच गावाकडे नवी होती.

हे शब्द वाक्यात बसले कसे, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. इंग्रजीत वेळेच्या शब्दाआधी छोटी छोटी अव्ययं लागतात. ती मराठीने उंबऱ्याबाहेरच ठेवली. शब्द तेवढा घेतला आणि त्याला आपले प्रत्यय लावले : टायमावर, मिनिटात, पाच मिनिटांनी, जानेवारीत. वऱ्हाडी-नागपुरी बोलीने आपला ‘ले’ लावून ‘टायमाले’ केलं. क्रियापदंही आपलीच राहिली. वेळ लागतो, जातो, काढावा लागतो, तसाच टाइम लागतो, जातो, काढावा लागतो. एका ठिकाणी मात्र पाहुण्याला पूर्ण घरचं होता आलं नाही. सोमवारी, दुपारी, सकाळी यांतला ‘ई’ त्याला लागत नाही. ‘रविवारी’ म्हणता येतं. ‘संडे’ला मात्र ‘संडेला’ किंवा ‘संडेले’ यावरच भागवावं लागतं.

आणि एक गोष्ट यात हरवते आहे, तिची मला खरोखर काळजी वाटते. मराठीत ‘वेळ’ दोन आहेत. ‘किती वेळ लागला?’ यातला वेळ पुल्लिंगी, तो लांबतो, सरतो. ‘जेवणाची वेळ झाली’ यातली वेळ स्त्रीलिंगी, ती येते, चुकते, साधते. कालावधी तो आणि नेमका क्षण ती. ‘टाइम’ दोन्हीकडे पुल्लिंगीच : किती टाइम लागला, जेवणाचा टाइम झाला. आडतीवर, शाळेत, घरात ‘टाइम’ म्हणायला माझी हरकत नाही. पण घरातल्या पोरांना निदान ‘वेळ चुकली’ आणि ‘वेळ चुकला’ यांतलं चुकीचं कोणतं, हे कानानेच कळलं पाहिजे. ते पुस्तकातून येणार नाही. आपण त्यांच्याशी बोलताना ‘चल, निघायची वेळ झाली’ म्हणत राहिलो तरच येईल.