घाट सर्वांचा, पण आराखडा कोणाचा? (थ्रेड)

१/ नाशिकला पुन्हा सिंहस्थाचे वेध लागले आहेत. २००३, २०१५ आणि आता २०२७. दर बारा वर्षांनी घाट, रस्ते, स्वच्छतागृहे यांचे आराखडे निघतात. त्या आराखड्यांत शहरातील गरीब वस्त्यांचा शब्द किती असतो? प्रश्न आजचा वाटतो, पण त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

२/ ४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले करावेत, असा त्याचा आशय होता. ‘सार्वजनिक’ या शब्दाला प्रथमच त्याचा खरा अर्थ देण्याचा हा प्रयत्न होता.

३/ महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरीही त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्यानंतर मार खावा लागला. ठराव कागदावर होता. तळ्याच्या काठावर मात्र जुनाच कायदा चालत होता.

४/ मग नाशिक. २ मार्च १९३० रोजी सुमारे १५,००० सत्याग्रहींची मिरवणूक पंचवटीत काळाराम मंदिरापाशी आली. दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून स्त्री-पुरुषांच्या तुकड्या दारांशी बसू लागल्या. डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व आणि सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांची चिकाटी, यांच्या बळावर हा लढा काही वर्षे चालला.

५/ दार उघडले नाही. पण मूर्तिपूजक घडवणे हा या लढ्याचा हेतूच नव्हता, असे डॉ. आंबेडकरांनी मार्च १९३४ मध्ये गायकवाडांना कळवले. दलितांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चेतना यावी, हा हेतू होता. सामायिक जागेवरचा हक्क मागता मागता माणूस स्वतःला नागरिक म्हणून ओळखू लागतो, हे नाशिकने दाखवले.

६/ त्याच काळात गाडगेबाबा गावोगाव फिरत होते. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली.

७/ येथे एक फरक नीट पाहायला हवा. गावाने खराटा उचलावा, यासाठी बाबांनी आधी स्वतः उचलला. पुढे ‘लोकसहभाग’ या नावाखाली अनेकदा उलटेच झाले: श्रम वस्तीचे, निर्णय कचेरीचा. श्रमदानाचे छायाचित्र निघते. नळ कुठे बसवायचा हे मात्र आधीच ठरलेले असते.

८/ निर्णयात वाटा मिळाला तर काय घडते? पुणे पाहू. वस्त्यांतील जुन्या सार्वजनिक शौचालयांची कथा ठरावीक होती. ठेकेदार बांधून जाई, पाणी नसे, देखभाल कोणाचीच नसे. रांगेत मोठी माणसे मुलांना मागे सारत, म्हणून मुले उघड्यावर बसत.

९/ १९९९ मध्ये आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी हे काम स्वयंसेवी संस्थांकडे सोपवले. ‘स्पार्क’, ‘महिला मिलन’ आणि राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ यांचा त्यात मोठा वाटा होता. पुढील दोनच वर्षांत शहरात ४०० हून अधिक शौचालय संकुले झाली. वस्तीतील काही स्त्रियांनी तर स्वतः बांधकामाचे ठेके घेतले.

१०/ त्याचा परिणाम नकाशातच दिसला. स्त्रियांचे दार वेगळे. मुलांसाठी छोटी, वेगळी शौचकूपे. पाण्याच्या मोठ्या टाक्या. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला तिथेच खोली, म्हणजे खर्चही कमी आणि लक्षही राहते. काही ठिकाणी वस्तीला बैठकीची जागाही मिळाली. घागर घेऊन पहाटे रांगेत उभी राहणारी बाई जे जाणते, ते इथे आराखड्यात उतरले.

११/ हे चित्र निर्दोष नव्हते. सहभाग सर्वत्र सारखा नव्हता, आणि मुळात घरात शौचालय असणे हाच प्रत्येकाचा हक्क आहे. सामूहिक शौचालय हे त्या हक्काचे उत्तर नव्हे. तरीही वस्तीला विचारून बांधले तर काय बदलते, हे त्यातून कळले.

१२/ आता पुन्हा गोदाकाठी येऊ. १९३० चा प्रश्न होता, ‘आत येऊ द्याल का?’ राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याबाबत त्याचे उत्तर दिले. आजचा प्रश्न पुढचा आहे: ‘आखताना विचाराल का?’ सिंहस्थाचा मेळा ओसरेल, घाट मात्र काठावरच्या माणसांपाशीच राहतील. त्यांना नकाशा दाखवायचा असेल, तर तो सिमेंट ओतण्यापूर्वी दाखवावा.