घोडा, चौसष्ट घरे आणि नीलकंठभट्ट

बुद्धिबळाच्या पटावरचा प्रत्येक मोहरा सरळ जातो नाहीतर तिरपा जातो. घोडा मात्र अडीच घरे चालतो. दोन घरे सरळ आणि एक बाजूला, तेही मधल्या मोहऱ्यांवरून उडी मारून. या विचित्र चालीमुळे एक जुना प्रश्न निर्माण झाला आहे. रिकाम्या पटावर एकटा घोडा ठेवावा आणि एकाही घरात दुसऱ्यांदा पाऊल न टाकता ६४ घरे पुरी करावीत. जमते का? शेवटच्या घरातून एका उडीत पहिल्या घरी परत येता आले तर त्या फेरीला आपण बंद फेरी म्हणू, येता आले नाही तर उघडी.

हा प्रश्न मुलांना घालताना शिक्षक बहुधा ऑयलरचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या आधी शंभरएक वर्षे काशीत राहणाऱ्या एका मराठी घराण्यातील पंडिताने या फेऱ्या श्लोकबद्ध करून आपल्या ग्रंथात घातल्या होत्या. त्याचे नाव नीलकंठभट्ट. हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्याच्या पुतण्याचे मात्र चौथीतल्या मुलालाही ठाऊक असते. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट ते हेच. नीलकंठभट्ट हे गागाभट्टांच्या वडिलांचे चुलतभाऊ. घराणे मूळचे पैठणचे. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट पैठण सोडून काशीला गेले, त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी तिथे मोठा लौकिक मिळवला, आणि नारायणभट्टांचे पुत्र शंकरभट्ट यांचे हे नीलकंठ चिरंजीव.

नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात भगवंतदेव नावाच्या सेंगर राजासाठी 'भगवंतभास्कर' हा ग्रंथ रचला. भास्कर म्हणजे सूर्य, म्हणून त्याच्या बारा भागांना बारा 'मयूख', म्हणजे किरण, अशी नावे. त्यांतला 'व्यवहारमयूख' हा कायद्याचा भाग पुढे इतका मान्यता पावला की इंग्रजी अमदानीत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथील हिंदूंच्या वारसाहक्काच्या दाव्यांत 'मिताक्षरे'पेक्षाही त्याचा शब्द वरचढ मानला जाई. उत्तर कोकण म्हणजे आपले ठाणे, कळवा, कल्याण. या पट्ट्यातल्या कितीतरी जमिनींच्या वाटण्या ज्या पंडिताच्या वचनांवर झाल्या, त्याच पंडिताने घोड्याच्या फेऱ्याही लिहून ठेवल्या आहेत, हे खाडीकाठच्या शिक्षकांना सांगण्यासारखे आहे. 'व्यवहारमयूखा'चे इंग्रजी भाषांतर १८२७ मध्ये झाले आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. बुद्धिबळाचा मजकूर आहे तो 'नीतिमयूखा'त, राजनीतीच्या भागात. राजाने काय करावे हे सांगताना त्याच्या करमणुकीचाही विचार होतो, आणि तिथे पट, मोहऱ्यांची मांडणी, त्यांच्या चाली आणि घोड्याच्या फेऱ्या येतात. एकोणिसाव्या शतकात आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने हा मजकूर युरोपच्या नजरेस आणला, आणि १९१३ साली हॅरॉल्ड मरे यांनी आपल्या बुद्धिबळाच्या प्रचंड इतिहासात तो घेतला. (हे मरे म्हणजे ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक जेम्स मरे यांचे चिरंजीव. शब्द गोळा करण्याचा बापाचा नाद मुलाने पटावर चालवला असे म्हणायला हरकत नाही.)

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. नीलकंठभट्टांच्या काळचे बुद्धिबळ आजचे नव्हते. वजिराला आज जी अफाट चाल आहे ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाली. जुन्या खेळात तो बिचारा एकेक घर तिरपा सरकत असे. आपल्या देशी खेळातही प्यादे पहिल्या खेपेला दोन घरे जात नसे आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मिळे. घोड्याची स्वतःची चाल मात्र बदलली नाही. त्यामुळे हजार वर्षांपूर्वीची फेरी आजच्या मुलालाही आपल्या पटावर घर न घर तपासून पाहता येते. इतिहासातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या सरळ तपासता येतात.

नीलकंठभट्ट या परंपरेतले पहिले नव्हेत. नवव्या शतकातला काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञ रुद्रट याच्या 'काव्यालंकारा'त 'तुरगपद' नावाचा चित्रबंध आहे. अनुष्टुभ छंदात आठ-आठ अक्षरांचे चार चरण असतात, म्हणजे ३२ अक्षरे. ते चरण एकाखाली एक लिहिले की ४ × ८ चा अर्धा पट तयार होतो. आता श्लोक डावीकडून उजवीकडे वाचा, किंवा पहिल्या अक्षरापासून घोड्याच्या उड्यांनी वाचा, दोन्ही वेळा तोच श्लोक येतो! हे कसे साधते ते समजणे अवघड नाही. समजा, घोड्याची पहिली उडी अकराव्या घरात पडली. मग घोड्याच्या वाचनातले दुसरे अक्षर म्हणजे सरळ वाचनातले अकरावे; म्हणून दुसरे आणि अकरावे अक्षर एकच हवे. अकराव्या उडीचेही तसेच, त्यापुढचेही तसेच. अशा साखळ्या जुळवता जुळवता वेगवेगळी अक्षरे फारच थोडी उरतात, आणि तेवढ्यावर कवीला अर्थ ओढूनताणून बसवावा लागतो. तेराव्या-चौदाव्या शतकांतले वेदान्तदेशिक यांनी 'पादुकासहस्रा'त यापेक्षा सुटसुटीत युक्ती केली. त्यांचा एक श्लोक घोड्याच्या चालीने वाचला की दुसराच श्लोक बाहेर पडतो. रुद्रटाच्याच सुमारास अरबी बुद्धिबळपटूंनीही या फेऱ्या शोधल्या होत्या. नवव्या शतकातल्या अल-अदलीच्या नावावर एक फेरी सांगितली जाते.

पूर्ण पटाची फेरी लक्षात ठेवायची तर ६४ घरांना नावे हवीत. त्यासाठी संस्कृत परंपरेत एक सोपी सोय होती. एका दिशेच्या आठ ओळींना आठ व्यंजने द्यायची, दुसऱ्या दिशेच्या आठ ओळींना आठ स्वर. प्रत्येक घर म्हणजे एक अक्षर, अख्खा पट म्हणजे छोटी बाराखडी, आणि फेरी म्हणजे ६४ अक्षरांची, पाठ करता येईल अशी ओळ. आज वृत्तपत्रांत डाव छापताना अक्षर आणि आकडा यांची जी जोडी वापरतात तिचे तत्त्व वेगळे नाही. निर्देशक भूमितीचा पहिला धडा शिकवताना या बाराखडीच्या पटाचा उपयोग करून पाहावा. मुले अक्ष आणि निर्देशक यांना मग घाबरत नाहीत.

हे सारे वाचले की 'ऑयलरच्या आधी आपल्याकडे हे सगळे होते' असे म्हणण्याचा मोह होतो. त्यातले निम्मे खरे आहे. फेऱ्या होत्या, त्या बिनचूक होत्या, आणि ज्या कोणी त्या पहिल्यांदा शोधल्या त्याच्याजवळ चिकाटी आणि काहीतरी पद्धत असलीच पाहिजे. पण ती पद्धत श्लोकात आली नाही. श्लोकात आले ते उत्तर, पाठ करण्याजोगे. दरबारात पटाकडे पाठ करून बसावे, कोणी घर सांगावे आणि आपण फेरी म्हणून दाखवावी, यासाठी तेवढे पुरे होते. मुंबईत १८१४ साली तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. त्यात बुद्धिबळातल्या अवघड स्थिती दिल्या आहेत, आणि स्मरणशक्तीला व्यायाम मिळावा हा हेतू लांबलचक शीर्षकातच नोंदवला आहे. इतक्या उशिरापर्यंत आपल्याकडे पटाचे नाते स्मरणाशी जोडलेले होते.

लेओनार्ड ऑयलर याने बर्लिनच्या अकादमीसाठी १७५९ साली जो निबंध लिहिला (तो छापून आला १७६६ मध्ये), त्यात उत्तरांपेक्षा उत्तराकडे जाण्याची रीत महत्त्वाची आहे. ती इतकी साधी आहे की वर्गात करता येते. घोडा मनास येईल तसा फिरवा आणि घरांना १, २, ३ असे क्रमांक द्या. समजा ६० व्या घरात तो अडकला आणि चार घरे रिकामी राहिली. आता ६० व्या घरातून घोड्याच्या उडीवर कोणती घरे आहेत ती पाहा. त्यांत ५१ वे घर असेल, तर १ ते ५१ तसेच ठेवा, तिथून थेट ६० वर उडी घ्या आणि उलटे या: ५९, ५८, असे करत ५२ पर्यंत. सगळी भेट दिलेली घरे कायम राहिली, पण फेरीचे टोक ६० ऐवजी ५२ झाले. या नव्या टोकावरून एखादे रिकामे घर सापडते का बघा. न सापडले तर पुन्हा दुसरीकडे उलटा. अशा रीतीने अडलेली फेरी वाढवत न्यायची. चुकलेला प्रयत्न फेकून न देता त्याचीच दुरुस्ती करायची, ही या रीतीतली गंमत आहे.

प्रश्न 'कसे' वरून 'का' वर गेला की रुद्रटाच्या श्लोकाविषयीही नवे काही कळते. त्याची ४ × ८ ची फेरी बंद करता आली असती का? नाही, कोणालाच करता आली नसती. चार आडव्या ओळींपैकी पहिली आणि चौथी यांना काठाच्या म्हणा, मधल्या दोन आतल्या. काठाच्या घरातून घोडा कुठेही उडाला तरी आतल्या ओळीतच पडतो. काठाची घरे १६ आणि आतलीही १६. बंद फेरीत काठाच्या प्रत्येक घरानंतर आतले घर येणार. संख्या सारखीच असल्याने आतल्या घरानंतर पुन्हा काठाचेच यावे लागेल. म्हणजे फेरी काठ, आत, काठ, आत अशीच चालणार. पण घोडा प्रत्येक उडीला घराचा रंगही बदलतो: काळे, पांढरे, काळे, पांढरे. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर काठाची सगळी घरे एकाच रंगाची असायला हवीत. प्रत्यक्षात ती आठ काळी, आठ पांढरी असतात. म्हणून बंद फेरी अशक्य. उघड्या फेरीतही या विचाराने एवढे निघतेच की ती काठावर सुरू होऊन काठावर संपली पाहिजे, आणि मधे कुठेतरी नेमकी एकदाच आतल्या घरातून आतल्या घरात उडी आली पाहिजे. रुद्रटाच्या फेरीतही ती एकदाच येते. ती का येते हे माहीत नसतानाही कवीला श्लोक रचता आला.

ही सिद्धता आठवीच्या मुलांना कळते. आधी मात्र त्यांना ५ × ५ चा पट द्यावा, चौकोनी वहीत आखून. पहिली पंधरा मिनिटे वर्ग शांत असतो. मग कुणाला फेरी जमते, शेजारच्याला काही केल्या जमत नाही, आणि भांडण सुरू होते. २५ घरांपैकी १३ एका रंगाची, १२ दुसऱ्या. ज्याने बारा घरांच्या रंगावरून सुरुवात केली त्याला ती फेरी जन्मात जमायची नाही. हे कारण मुलांनी स्वतः शोधावे. आपण सांगण्याची घाई करू नये.

ज्यांना मोठ्या पटावर फेरी हवी आहे त्यांच्यासाठी १८२३ साली वॉर्न्सडॉर्फ या जर्मन गृहस्थाने एक नियम दिला. पुढच्या ज्या घरातून बाहेर पडायला सगळ्यांत कमी वाटा उरल्या असतील तिथे आधी जायचे. कोपऱ्याच्या घराला दोनच वाटा, मधल्या १६ घरांना आठ-आठ. अडचणीची घरे आधी उरकायची, एवढेच त्यात आहे. नियम दर वेळी फळतोच असे नाही, पण आठ बाय आठच्या पटावर बहुतेक वेळा फळतो.

एकूण बंद फेऱ्या किती, हे मात्र संगणक येईपर्यंत कळले नाही. १९९६ साली दोन जर्मन संशोधकांनी ३,३४,३९,१२,३४,८४,२९४ हा आकडा प्रसिद्ध केला. तो चुकीचा होता, आणि ती चूक पुन्हा गणना न करताच दिसत होती. कोणतीही फेरी घेऊन पट फिरवला किंवा आरशात धरला की तिच्या नव्या फेऱ्या तयार होतात, आणि अशा भावंडांचे गट या पटावर आठाचे किंवा चाराचे पडतात. म्हणून एकूण संख्येला ४ ने भाग गेलाच पाहिजे. शेवटचे दोन अंक ९४. भाग जात नाही. पुढच्या वर्षी ब्रेंडन मॅके यांनी बरोबर संख्या काढली: १,३२,६७,३६,४४,१०,५३२, म्हणजे तेरा लाख कोटींहून अधिक. विभाज्यतेच्या कसोट्या शिकवताना कुणी 'याचा उपयोग काय' असे विचारले तर हे उदाहरण हाताशी ठेवावे.

आयताकृती पटांचा प्रश्न १९९१ मध्ये ॲलन श्वेंक यांनी निकालात काढला. दोन्ही बाजू विषम असतील तर बंद फेरी नाही. लहान बाजू १, २ किंवा ४ असेल तर नाही. लहान बाजू ३ आणि मोठी ४, ६ किंवा ८ असेल तरी नाही. बाकी सगळीकडे आहे. तेव्हा ३ × ८ च्या पटावर ती नाही आणि ३ × १० च्या पटावर आहे. त्या तीस घरांच्या पट्टीवर ती शोधून पाहा. ऑयलरची रीत वापरली तर खोडरबर फारसे लागणार नाही.