घड्याळ जिवंत कोण ठेवते? तेल, धूळ आणि घड्याळजींचा इतिहास

१/
लंडनमधील ग्रीनिचच्या वेधशाळेत जॉन हॅरिसन याने बनविलेली चार सागरी घड्याळे जतन केलेली आहेत. त्यांपैकी पहिली तीन आजही चालविली जातात. चौथे घड्याळ, 'एच-४', सर्वांत प्रसिद्ध. पण ते मुद्दाम बंद ठेवलेले आहे. ते बिघडलेले नाही. त्याला तेल लागते, हे त्यामागचे कारण.

महागड्या मनगटी घड्याळाच्या निगेचा इतिहास इथूनच समजून घेता येतो. #थ्रेड

२/
एच-४ हे १७५९ मध्ये पूर्ण झाले. १७६१-६२ च्या जमैका सफरीत ८१ दिवसांत त्याची चूक सुमारे पाच सेकंदांची भरली. समुद्रावर रेखांश शोधण्याचा प्रश्न घड्याळाने सुटू शकतो, हे त्याने दाखवून दिले. असे घड्याळ चालू ठेवले तर त्याचे तेल जुने होणार, भाग झिजणार आणि ते पुनःपुन्हा उघडावे लागणार. म्हणून ते स्तब्ध आहे.

३/
मग पहिली तीन कशी चालतात? हॅरिसन मूळचा सुतार. 'लिग्नम व्हिटे' या लाकडात नैसर्गिक तेलकटपणा असतो, हे त्याला ठाऊक होते. ते लाकूड आणि घर्षण कमी करणारी चाके वापरून त्याने तेलाविना चालणारी यंत्रे घडविली. पण ती आकाराने अवजड होती. हातात मावणारे घड्याळ हवे, तर तेल स्वीकारणे भाग होते.

४/
तेलाला इतके महत्त्व का? आजचे बरेचसे यांत्रिक मनगटी घड्याळ सेकंदाला आठ ठोके देते. म्हणजे दिवसाला ६,९१,२०० आणि वर्षाला २५ कोटींहून अधिक. हा सारा भार केसासारख्या बारीक पोलादी टोकांवर असतो. ही टोके माणकांच्या छिद्रांत फिरतात. छिद्र पाडलेली माणके घड्याळात बसविण्याचे पेटंट लंडनमध्ये १७०४ मध्ये निघाले. प्रत्येक माणकाच्या खळग्यात तेलाचा अगदी सूक्ष्म थेंब धरून ठेवलेला असतो.

५/
तो थेंब काळाबरोबर घट्ट होतो किंवा पसरून निघून जातो. त्यात धूळ आणि धातूचे कण मिसळले की तेच मिश्रण पोलादाला घासू लागते. घातक गोष्ट अशी, की घड्याळ त्याही अवस्थेत चालत राहते. काच स्वच्छ, तबकडी सुंदर, काटे फिरत आहेत. आत मात्र झीज सुरू असते. 'चालतेय ना, मग कशाला उघडायचे?' या समजुतीने जेवढी चांगली घड्याळे गेली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने गेली असतील.

६/
न गोठणारे, न आटणारे तेल मिळविण्यासाठी माणूस समुद्रापर्यंत गेला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील न्यू बेडफर्ड हे देवमाशांच्या शिकारीचे मोठे बंदर होते. तेथे पॉरपॉइज आणि पायलट व्हेल या सागरी प्राण्यांच्या जबड्यातून काढलेले तेल घड्याळांसाठी शुद्ध केले जाई. कडाक्याच्या थंडीतही ते प्रवाही राही. विल्यम नाय यांचे नाव या व्यवसायात विशेष गाजले.

७/
पुढे प्रयोगशाळेत बनविलेली कृत्रिम तेले आली. १९७२ मध्ये अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि तेथील जुन्या तेलाचा मार्ग बंद झाला. नवी तेले अधिक टिकाऊ आहेत, पण अमर नाहीत. म्हणून काही वर्षांच्या अंतराने घड्याळ संपूर्ण सुटे करून, धुऊन, पुन्हा तेल देण्याची प्रथा आजही कायम आहे.

८/
दुसरा शत्रू धूळ, आणि तिच्या जोडीला ओल. घड्याळ कोटाच्या खिशात होते तोवर ते बऱ्यापैकी सुरक्षित होते. पहिल्या महायुद्धात सैनिकांना एका नजरेत वेळ कळणे गरजेचे झाले आणि पुरुषांच्या मनगटावर घड्याळ रुळले. मनगटावर घाम, पाऊस, चिखल, धक्के सगळेच आले.

९/
याच काळात जॉन हार्वुड हा इंग्रज घड्याळजी दुरुस्तीला येणारी घड्याळे उघडत होता. घाण नेमकी कोठून शिरते, हे त्याने हेरले. चावी देण्याची दांडी ज्या छिद्रातून आत जाते, तेच धुळीचे दार होते. त्याचा उपाय धाडसी होता : हे छिद्रच नको!

१०/
पण मग चावी कशी द्यायची? हार्वुडने आत एक हलते वजन बसविले. हाताच्या हालचालीने ते झोके घेई आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाई. काटे लावण्यासाठी काचेभोवतीची कडी फिरवायची. १९२४ मध्ये त्याला स्विस पेटंट मिळाले. मंदीच्या तडाख्यात १९३१ च्या सुमारास त्याची कंपनी बुडाली. आज 'ऑटोमॅटिक' मनगटी घड्याळाची सोय म्हणून कौतुक होते. तिचा जन्म मात्र घड्याळ धुळीपासून वाचविण्याच्या धडपडीतून झाला.

११/
रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी दुसरी वाट धरली. १९२६ च्या 'ऑयस्टर' घड्याळाचे मागचे झाकण, काचेची कडी आणि चावी, तिन्ही आट्यांनी घट्ट बसत. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही जलतरणपटू ते घड्याळ गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरली. थंडीमुळे तिला पोहणे अर्ध्यावर सोडावे लागले, पण घड्याळ चालू होते. जाहिरातीने उरलेले काम केले.

१२/
तरी एक अडचण होतीच. चावी रोज द्यायची, तर आटे रोज उघडायचे. मालक ते पुन्हा घट्ट बसवायला विसरला, की सगळे मुसळ केरात! १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण वर्तुळात फिरणारे वजन आणले आणि चावी रोज उघडण्याची गरज संपली. घड्याळाच्या डबीइतकाच मालकाच्या विसराळूपणावरचा हा इलाज होता.

१३/
हा धडा आजही लागू आहे. पाणी थोपविणारी रबरी कडी कालांतराने कडक होते. साबण, अत्तर आणि गरम पाणी तिचे आयुष्य कमी करतात. 'पाण्यात चालते' हा गुण घड्याळासोबत कायमचा विकत मिळत नाही. तो वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो. काचेच्या आत बाष्प दिसले, तर त्याच दिवशी घड्याळजीकडे न्यावे. गंज वाट पाहत नाही.

१४/
तेलाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला तो जॉर्ज डॅनियल्स यांनी. त्यांची सुरुवातही घड्याळ दुरुस्तीतूनच झाली. ठोके देणाऱ्या भागांतील घासणे कमी व्हावे, म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी 'को-ॲक्सिअल' रचना शोधली. स्विस कंपन्यांची दारे ते वर्षानुवर्षे ठोठावत राहिले. अखेर १९९९ मध्ये ओमेगाने ती बाजारात आणली. तेलावरचे अवलंबित्व कमी झाले. संपले मात्र नाही.

१५/
मधल्या काळात वेगळेच संकट आले होते. १९६९ च्या अखेरीस सेइकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आणले. पुढील दीड दशकात स्विस घड्याळ उद्योगातील बहुसंख्य रोजगार नाहीसे झाले. १९७५ मध्ये झेनिथच्या अमेरिकी मालकांनी यांत्रिक घड्याळांचे उत्पादन थांबविण्याचा आणि यंत्रसामग्री मोडीत काढण्याचा आदेश दिला.

१६/
ल लोक्ल येथील कारखान्यातील शार्ल व्हर्मो या कारागिराला तो मान्य झाला नाही. 'एल प्रिमेरो' या यंत्राचे साचे, हत्यारे आणि कागदपत्रे त्याने गुपचूप माळ्यावर नेली, त्यांवर नावे घातली आणि ती लपवून ठेवली. सुमारे नऊ वर्षांनी मागणी परतली, तेव्हा त्याच सामग्रीवर उत्पादन पुन्हा सुरू झाले. १९८८ मध्ये रोलेक्सच्या 'डेटोना'तही हेच यंत्र, बदल करून, बसविले गेले. साचे गेले असते, तर सुटे भाग गेले असते. आणि सुटे भाग नसले, की उत्तम घड्याळजीचाही नाइलाज होतो.

१७/
निगा राखणे म्हणजे चकाकी आणणे नव्हे. दर खेपेला पॉलिश केले, की डबीच्या कडा बोथट होतात आणि गेलेला धातू परत येत नाही. जुन्या घड्याळाचे मागचे झाकण उघडले, तर आतल्या बाजूस बारीक कोरलेल्या खुणा पुष्कळदा आढळतात : तारीख, आद्याक्षरे, एखादा आकडा. ते घड्याळ ज्या ज्या हातांनी दुरुस्त केले, त्यांची ती नोंद होय. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती पुसू देऊ नये.

१८/
महागडे घड्याळ 'पिढ्यान्‌पिढ्या टिकते' असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. एच-४ पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते बंद राहून. हातावर बांधलेले घड्याळ टिकते ते कोणीतरी दर काही वर्षांनी भिंग लावून त्याच्यासमोर बसते म्हणून. आजोबांचे घड्याळ घरात असेल, तर ते हौसेने चालू करून पाहण्याआधी एकदा जाणकार घड्याळजीच्या टेबलावर ठेवावे. आतले तेल कधी आटले, हे बाहेरून कळत नाही.

(समाप्त)