गोल्फचा ड्रायव्हर: साधा की टूर?

धाराशिव जिल्ह्याची मैदानी ओळख खो-खोची. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे इथल्याच. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. या मैदानांवर पाठलाग करत आणि सूर मारत वाढलेला एखादा मुलगा पुढे नोकरीसाठी पुण्याला जातो, तिशीत कंपनीतल्या मित्रांबरोबर ड्रायव्हिंग रेंजवर उभा राहतो आणि काही महिन्यांत स्वतःचा ड्रायव्हर घ्यायचं मनावर घेतो. त्याची कंबर झटक्यात फिरते, खांदे मोकळे असतात. दुकानातलं यंत्र त्याच्या क्लबहेडचा वेग ताशी 105 मैल दाखवतं आणि विक्रेता म्हणतो, ‘‘सर, तुमचा स्पीड चांगला आहे, टूर मॉडेलच घ्या.’’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे असं माझं मत आहे, आणि नवा ड्रायव्हर 40 हजार रुपयांच्या पुढे जात असताना ही चूक स्वस्तातली नाही.

आधी दोन आवृत्त्या म्हणजे काय ते पाहू. जवळजवळ प्रत्येक कंपनी एकाच नावाखाली दोन-तीन हेड काढते. टेलरमेडच्या स्टेल्थ 2 बरोबर स्टेल्थ 2 प्लस आला, पिंगच्या जी430 मॅक्सबरोबर जी430 एलएसटी, टायटलिस्टच्या टीएसआर2 बरोबर टीएसआर3 आणि टीएसआर4. कॅलवेची ‘ट्रिपल डायमंड’ हेडही याच जातीची. नावं वेगवेगळी असली तरी टूर आवृत्तीतले बदल साधारण एकाच दिशेचे असतात. गुरुत्वमध्य फेसच्या जवळ आणि खाली आणलेला असतो, आकार काही वेळा लहान असतो (जी430 मॅक्स 460 घन सेंटीमीटरचा, एलएसटी 440 चा, टीएसआर4 430 चा) आणि फेस चेंडूमागे ठेवल्यावर किंचित उघडा दिसतो. व्यावसायिक खेळाडूंना कंपनीकडून निवडून, मोजून दिलेली हेड ही वेगळीच गोष्ट. दुकानात मिळणाऱ्या टूर आवृत्तीला ती काळजीपूर्वक केलेली निवड चिकटलेली नसते.

पहिला गैरसमज वेगाचा. टूर हेडचा फेस जास्त ‘गरम’ असतो, चेंडू त्यावरून जोरात सुटतो, असं मानलं जातं. नियम तसं होऊच देत नाहीत. आर अँड ए आणि यूएसजीए या दोन नियामक संस्थांनी फेसच्या लवचिकतेवर मर्यादा घातली आहे: लंबक-चाचणीत मोजलेला स्पर्शकाळ 239 मायक्रोसेकंद, वर 18 मायक्रोसेकंदांची सूट. ही मर्यादा दोन्ही आवृत्त्यांना सारखीच लागू आहे आणि चांगल्या कंपन्यांचे साधे ड्रायव्हरही तिच्या अगदी जवळ असतात. फेसच्या मध्यावर बसलेला चेंडू दोन्हींवरून जवळपास एकाच वेगाने निघतो.

दुसरा गैरसमज उलट बाजूचा आहे आणि तो जाहिरातींनी पोसला आहे: साधं हेड ‘चुका माफ करतं’, टूर हेड करत नाही. यात तथ्य आहे, पण किती, हे मोजून पाहायला हवं. हेडचं स्वतःभोवती फिरण्याला विरोध करण्याचं माप म्हणजे जडत्व आघूर्ण. नियमांनुसार उभ्या अक्षाभोवती ते 5,900 ग्रॅम-चौरस सेंटीमीटरच्या पुढे नेता येत नाही, मोजणीतली 100 ची सूट वेगळी. समजा साध्या हेडचं आघूर्ण 5,000 आहे आणि टूर हेडचं 4,200; दोन्हींचं वजन 200 ग्रॅम. चेंडू 46 ग्रॅमचा, आणि तो मध्यापासून 2 सेंटीमीटर बाजूला लागला. टक्करीचं साधं गणित केलं तर पहिल्या हेडवर चेंडूचा वेग सुमारे 2.9 टक्के घटतो, दुसऱ्यावर सुमारे 3.4 टक्के. आघाताच्या त्या अर्ध्या मिलिसेकंदात पहिलं हेड साधारण दीड अंश वळतं, दुसरं पावणेदोन. फरक आहे, पण एका फटक्यापुरता तो काही यार्डांच्या आत मावतो. त्यामुळे केवळ आघूर्णासाठी साधं हेड घ्या, असं मी म्हणणार नाही.

निवडीचा खरा निकष आहे स्पिन. गुरुत्वमध्य पुढे आणि खाली आला की चेंडू कमी कोनात, कमी स्पिनने सुटतो. दोन आवृत्त्यांमध्ये मिनिटाला काही शे फेऱ्यांचा फरक सहज पडतो. ड्रायव्हरचा चेंडू हवेत तरंगतो तो मागे फिरण्यामुळेच. स्पिन जास्त झाला तर चेंडू वर चढून थबकतो, कमी झाला तर उड्डाण मध्येच कोसळतं. योग्य आकडा वेगावर आणि सुटण्याच्या कोनावर अवलंबून असतो.

चेंडूचं उड्डाण मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या ट्रॅकमन कंपनीने काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेल्या सरासऱ्या इथे फार बोलक्या आहेत. अमेरिकेच्या एलपीजीए टूरवरच्या महिला व्यावसायिकांच्या क्लबहेडचा वेग ताशी 94 मैल, आणि साधारण 14-15 हँडिकॅपच्या हौशी पुरुषाचाही जवळपास तेवढाच. तरी महिला व्यावसायिकांचा चेंडू ताशी 140 मैल वेगाने सुटतो, हौशी पुरुषाचा 133 ने. स्पिन त्यांचा मिनिटाला सुमारे 2,600, याचा सुमारे 3,300. क्लबहेडचा वेग सारखाच, मग हे अंतर आलं कुठून? दोन ठिकाणांहून. या महिला चेंडूला फेसच्या मध्यावर मारतात आणि क्लब वर चढत असताना मारतात, सरासरी तीन अंश वरच्या दिशेने. हौशी पुरुष दीडेक अंश खाली मारतो, तोही फेसवर जागा बदलत.

आता 3,300 चा आकडा पाहून मनात येतंच: स्पिन जास्त आहे ना, मग कमी स्पिनचं टूर हेड घ्यावं! हा तर्क इतका सरळ दिसतो की जाणकारही त्यात अडकतात. पण स्पिन का वाढला हे आधी पाहायला हवं. चेंडू फेसवर गुरुत्वमध्याच्या खाली लागला की हेड आघाताच्या क्षणी खाली झुकतं आणि चेंडूचा मागचा फेरा वाढतो. सुटण्याचा कोन मात्र कमी होतो. कोन कमी, स्पिन जास्त, ही सगळ्यात वाईट जोडी. खाली उतरणाऱ्या फटक्यामुळे नेमकं हेच होतं. टूर हेड स्पिन थोडा कमी करेल, पण सुटण्याचा कोनही आणखी खाली आणेल. मग ज्या दिवशी चेंडू फेसच्या वरच्या भागात लागेल, त्या दिवशी स्पिन इतका कमी होईल की दोनशे यार्डांवर त्याचा जीव जाईल. फटक्यांतली तफावत वाढते. टी थोडी उंच करणं आणि चेंडू पुढच्या पायाच्या टाचेसमोर ठेवणं, हा उपाय आधी करायचा. त्याला एक रुपया लागत नाही.

धाराशिवचा आपला माजी खो-खोपटू इथे पुन्हा आठवतो, कारण त्याच्या बाबतीत वेग आणि अचूकता यांची फारकत सगळ्यात जास्त आहे. बहुतेक गोल्फरांचा वेग आणि कसब हळूहळू बरोबरीने वाढतात, म्हणून ‘शंभरच्या पुढे वेग असेल तर टूर हेड’ हा ढोबळ नियम पुष्कळदा खपून जातो. मैदानावर घडलेल्या शरीराला मात्र वेग आयता मिळालेला असतो, कसब यायचं असतं. शिवाय जोरात फिरणाऱ्या नवख्याचा चेंडू बहुधा उजवीकडे वळतो, स्लाइस होतो. त्याच्या हाती उघड्या फेसचं, टाचेकडे वजन नसलेलं टूर हेड दिलं तर तो वळण वाढवून घेईल. त्याला हवी आहे जास्त ताठ, वजनदार शाफ्ट. साध्या हेडमध्ये लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, एखादा अंश कमी. सरकतं वजन असेल तर ते पुढे. वेगावरून शाफ्टचा विचार करावा, फटक्यांच्या विखुरण्यावरून हेडचा, असा माझा आग्रह आहे. लांबीही पाहावी. दुकानातले ड्रायव्हर बहुधा साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतात, तर अनेक व्यावसायिक त्याहून आखूड वापरतात. अर्धा इंच कमी केल्याने मध्यावर बसणारे चेंडू वाढत असतील, तर हेड बदलण्यापेक्षा तो फायदा मोठा.

हवेचाही हिशेब आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर, धाराशिव साडेसहाशेच्या आसपास. एवढ्या उंचीवर हवेची घनता सहा-सात टक्क्यांनी कमी असते. मे महिन्याच्या दुपारी 40 अंशांची उष्णता त्यात मिळवली तर किनाऱ्यावरच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा ती सुमारे 14 टक्के विरळ होते. विरळ हवा चेंडूला कमी अडवते, तशीच कमी उचलतेही. म्हणजे दख्खनच्या उन्हाळ्यात स्पिन कमी असण्याची शिक्षा आणखी जाणवते. याच्या विरुद्ध, उन्हाने कडक झालेल्या फेअरवेवर कमी स्पिनचा सपाट चेंडू दूरवर धावतो आणि पावसाळी ओल्या गवतावर जिथे पडला तिथेच बसतो. अंगच्या कसबाला धरून दोन्ही ऋतूंत पुरेल असा पर्याय हवा असेल, तर उन्हाळ्यातला एखादा लांबलेला चेंडू निर्णायक मानू नये.

चाचणी कशी करावी, यावर पुष्कळ अवलंबून आहे, कारण दुकानातली चाचणी सहसा सर्वांत लांब गेलेल्या एका चेंडूवर संपते. दोन्ही हेडमध्ये शक्य तर एकच शाफ्ट बसवून घ्यावी, नाहीतर आपण हेडची तुलना करतो आहोत की शाफ्टची, ते कळणार नाही. फेसवर पावडरच्या स्प्रेचा पातळ थर द्यावा; प्रत्येक फटक्याचा डाग त्यावर उमटतो. आधी एकाने वीस आणि मग दुसऱ्याने वीस असं न मारता पाच-पाच आलटून पालटून मारावेत, कारण सुरुवातीला अंग आखडलेलं असतं आणि शेवटी थकलेलं. वाईट फटका ‘हा धरू नका’ म्हणून वगळायचा नाही. पैसे त्याच्यासाठीच मोजायचे आहेत. रेंजचे झिजलेले चेंडू अंतराबद्दल खोटं सांगतात, तेव्हा खेळात वापरता तोच चेंडू वापरता आला तर उत्तम. शेवटी प्रत्येक हेडच्या फटक्यांपैकी सर्वांत वाईट पाव हिस्सा समोरासमोर ठेवावा: किती यार्ड गेले, किती बाजूला गेले, स्पिन कुठून कुठे हलला.

टूर आवृत्ती कोणाची? ज्याचे डाग नाण्याएवढ्या वर्तुळात जमतात, जो क्लब वर चढताना मारतो, आणि साध्या हेडने लॉफ्ट-शाफ्ट जुळवूनही ज्याचा स्पिन तीन हजारांच्या वर राहतो, त्याची. ज्याचा चेंडू नको तेव्हा डावीकडे वळतो, त्यालाही उघडा फेस उपयोगी पडतो. पुण्याचे उदयन माने 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले. त्या पातळीवर पाच-दहा यार्डांचा आणि चेंडू उजवीकडून डावीकडे नेण्याच्या ताब्याचा हिशेब खराच लागतो, आणि तिथे टूर हेड आपली किंमत वसूल करतं. वेग ताशी 95 मैलांचा असला आणि डाग एकत्र असले, तरी हे हेड चालू शकतं, फक्त लॉफ्ट दीडेक अंश जास्त घ्यावा लागतो. वेग 110 चा असून डाग फेसभर पसरलेले असतील, तर ते आणखी वर्षभर दुकानातच राहू द्यावं. त्या वर्षात शाफ्ट बदलली किंवा टीची उंची बदलली, तर पावडरची चाचणी पहिल्यापासून करावी. जुने आकडे त्या नव्या जोडीला लागू पडत नाहीत.