मनोऱ्याच्या पायथ्याशी

दळणवळणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा मनोऱ्यांच्या उंचीने मोजला जातो. केंद्र कधी उभे राहिले, लहरी किती कोस पोहोचल्या, याच्या नोंदी सापडतात. मनोऱ्याच्या पायथ्याशी बंद खोलीत मांडलेल्या बॅटऱ्यांची दखल मात्र सहसा कोणी घेत नाही. वास्तविक, आडगावात आवाज पोहोचला की नाही, हे अनेकदा त्या बॅटऱ्यांनीच ठरवले आहे.

1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुण्यासह पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे 150 गावे त्यात होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गावकऱ्यांनी कार्यक्रम ऐकून त्यावर चर्चा करायची, असा तो उपक्रम होता. तो गाजला आणि पुढे देशभर त्याचे अनुकरण झाले. परंतु त्या काळी बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. झडपांचा रेडिओ कोरड्या बॅटऱ्यांवर चाले, आणि त्या संपल्या की नव्या येईपर्यंत गाव मुके होई. चर्चेइतकीच बॅटरी बदलणाऱ्या माणसाची फेरीही महत्त्वाची होती.

हाच धडा पुढे टेलिफोनने गिरवला. तारा ओढणे परवडत नाही अशा गावांसाठी दूरसंचार खात्याने ‘मार’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी रेडिओ यंत्रणा आणली. तालुक्याच्या एक्स्चेंजजवळ मूळ केंद्र आणि भोवतीच्या गावांत ॲन्टेना. दोन वाहिन्या सुमारे पंधरा गावांनी वाटून घ्यायच्या. गावाकडच्या टोकाला बॅटरी, आणि ती भरण्यासाठी बहुधा सौरपट्टी. कागदावर ही योजना निर्दोष होती. प्रत्यक्षात बॅटरीत वेळेवर पाणी घालणे, सौरपट्टीवरची धूळ पुसणे, निकामी संच बदलणे, ही कामे कोणाची, हा प्रश्न अधांतरी राहिला. परिणामी असंख्य गावांचे फोन केवळ नोंदवहीत जिवंत होते. शेवटी 2003 पासून सार्वत्रिक सेवा निधीतून देशभरातील सुमारे 1 लाख 85 हजार असे फोन बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले.

मग मोबाइल आला. 2005 नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला दीर्घ भारनियमन सोसावे लागले. बारामती आणि इंदापूर हे तालुके या दृष्टीने लक्षणीय आहेत. एकीकडे निरा डावा कालवा आणि उजनीच्या पाण्यावर पोसलेला उसाचा पट्टा, दुसरीकडे बारामतीच्या उत्तरेचा जिराईत टापू. रात्रीच्या विजेवर पंप चालवण्यासाठी जागणाऱ्या शेतकऱ्याला विजेचे वेळापत्रक पाठ असते. मनोऱ्याखालच्या बॅटरीचीही अवस्था वेगळी नव्हती.

दूरसंचाराची व्यवस्था 48 व्होल्टवर चालते. शिसे-आम्लाचे दोन व्होल्टचे 24 घट एकापुढे एक जोडलेले असतात. ही बॅटरी मुळात क्वचित येणाऱ्या संकटासाठी असते. एरवी तिने भरलेल्या स्थितीत स्वस्थ बसावे, अशी अपेक्षा. रोज आठ-दहा तास वीज गेली, की तिची राखीव फौज न राहता रोजची मजूर होते. पुन्हा पूर्ण भरायला पुरेसा वेळ मिळाला नाही, तर पत्र्यांवर गंधकाचे क्षार साचून घट्ट होतात आणि क्षमता घटते. उन्हाळा तिचे आयुष्य आणखी घटवतो. म्हणून डिझेलचे जनित्र आले, आणि त्याबरोबर खर्च, धूर व इंधनचोरीही. 2012 मध्ये केंद्राने ग्रामीण भागातील निम्मे मनोरे 2015 पर्यंत संमिश्र ऊर्जेवर आणण्याचे निर्देश दिले, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती. आता लिथियमच्या बॅटऱ्या येत आहेत. त्या अर्धवट भरलेल्या अवस्थेला अधिक सहनशील असतात.

तथापि रसायन बदलल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत इंदापूर तालुक्याने पाण्याचे थैमान पाहिले. अशा रात्री वीज प्रथम जाते, आणि मदतीची हाक देण्याची गरज त्याच क्षणी सर्वाधिक असते. तेव्हा कामी येतो तो मनोरा नव्हे, तर कोणी तरी महिनाभर आधी तपासून ठेवलेला घट. रेडिओच्या काळात हे काम करणारा माणूस गावाला चेहऱ्याने ठाऊक तरी होता. आज तो कंत्राटाच्या कागदात दडला आहे. यंत्रणा बंद पडल्यावर दोष कोणाचा हे ठरवता येते. ती चालू राहावी ही जबाबदारी कोणाची, हे मात्र आपण अजून ठरवलेले नाही.