सूर्याचें खळें

सह्याद्रीच्या पायथ्याशीं, सावित्री नदीच्या खोऱ्यांत पोलादपूर आणि महाड हीं गांवें वसलेलीं आहेत. येथें पाऊस हा केवळ पिकापाण्याचा विषय नाहीं. तो जीविताचा विषय आहे. म्हणूनच सूर्यास खळें पडलें कीं पाऊस येतो, या जुन्या समजाची पारख येथें अगत्याची ठरते.

संस्कृतांत खळ्यास परिवेष म्हणतात. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत त्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. आकाशांत विरळ अभ्र असतां सूर्यचंद्रांचे किरण वाऱ्यानें मंडलाकार होतात, असें त्याचें मत. मोराच्या कंठासारख्या वर्णाचें खळें अतिवृष्टि सुचवितें, अशीं फळेंही तो सांगतो. यांपैकीं विरळ अभ्राची खूण अचूक होती. वाऱ्याचें कारण मात्र पुढें टिकलें नाहीं.

खरें कारण सतराव्या शतकांत एडम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञानें ओळखलें. खळें पाडणारें अभ्र सामान्यतः ६ किलोमीटरहून अधिक उंचीवर असतें. खालीं वैशाखाचें ऊन तापत असलें, तरी तेथें गोठविणारी थंडी असते. त्यामुळें तें अभ्र बर्फाच्या सूक्ष्म षट्कोनी स्फटिकांचें बनतें. स्फटिकाच्या एकाआड एक बाजूंमध्यें ६० अंशांचा कोन होतो. म्हणजे तो लोलकच झाला. त्यांतून जाणारा किरण निदान २२ अंशांनीं वळतो, आणि पुष्कळ किरण या मर्यादेजवळच दाटतात. म्हणून सूर्यापासून तेवढ्या अंतरावर तेजस्वी कडें उमटतें. तांबडा किरण सर्वांत कमी वळतो. त्यामुळें कड्याची आंतली कड तांबूस दिसते. हात लांब करून वीत ताणली, तर साधारण एवढेंच अंतर भरतें. मात्र तें मोजतांना सूर्य भिंतीआड ठेवावा.

असें अभ्र कधीं कधीं पावसाळी हवेच्या पुढें धांवत येतें. तेवढ्यापुरता जुना समज खरा आहे. परंतु पाऊस किती पडेल आणि सावित्री किती चढेल, हें खळें सांगत नाहीं. जुलै २०२१ मध्यें महाड पुरांत बुडालें आणि तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली. अशा मुसळधार पावसांत दाट मेघांमुळें सूर्यच दिसत नाहीं. मग खळें कोठलें? संकट दाराशीं येतें, तेव्हां आकाशांतील ही खूण पुसलेली असते. त्या वेळीं पर्जन्यमापकाकडे आणि नदीच्या पातळीकडेच पाहिलें पाहिजे.